सतराचे लाड

मुंगीने मागून येऊन आजीचे डोळे झाकले, ‘ओळख कोण?’ म्हणाली, आणि बाईंना उत्तर देता येईना. तसं ओळखायचं होतं काय? घरात दोघीच. नात पाच वर्षांची, आजी अठ्ठावन्नची, आणि हा खेळ सकाळपासून चौथ्यांदा चाललेला. दर वेळी बाई मुद्दाम भलतीच नावं घेत होत्या, पोस्टमन, दूधवाला, तुझ्या शाळेतली ती जाडी, आणि मुंगी खिदळत होती. या वेळी पोस्टमनसुद्धा सुचला नाही. त्या ओलसर बोटांना मातीचा वास होता. तो असायचाच, बाईंनीच हातात चमचा देऊन तिला मागच्या दारी खणायला बसवलं होतं. पण मातीच्या आतून दुसरा एक वास येत होता, कपाटाच्या तळाशी वर्षभर पडून राहिलेल्या लोकरीच्या कपड्यांना येतो तो. डांबरगोळ्यांचा. बाईंनी ती बोटं डोळ्यांवरून ओढून नाकाशी धरली. एकदा हुंगली, पुन्हा हुंगली. ‘हरलीस! हरलीस!’ मुंगी ओरडली आणि हात सोडवून नाचत सुटली. बाई बसल्या जागी बसून राहिल्या.

दुसऱ्या कुणाला तो वास आलाही नसता. आला असता तरी त्याने म्हटलं असतं, असेल कुठे गोळी पडलेली. बाईंना तसं म्हणायची सोय नव्हती. अठ्ठावीस वर्षं त्या प्रयोगशाळेत जिवाणू सांभाळत होत्या, आणि त्यांतली सव्वीस वर्षं एका जिवाणूला रोज डांबरगोळीचे खडे खाऊ घालत होत्या. तो वास त्यांच्या पर्समध्ये, उशीत, लग्नातल्या शालीत मुरलेला होता. आणि ही इमारत, जिच्या तळमजल्यावर चिरंजिवांनी दोन खोल्या आणि मागे दोन खाटा मावतील एवढं अंगण घेतलं होतं, ती डांबराच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर उभी होती. कारखाना बंद पडला, मातीत मुरलेलं डांबर तसंच राहिलं, आणि मग ती माती ज्यांच्या जिवाणूंनी साफ केली त्या बाई म्हणजे याच. निदान तासाभरापूर्वीपर्यंत त्या याच होत्या. मागच्या दाराला सुनेने वर, हात उंच केल्याशिवाय पोचणार नाही अशी कडी बसवून घेतली होती. ‘आई, मागचं दार उघडू नका हं, डास येतात,’ ती जाताना म्हणाली होती. बाईंनी मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, फारच सोवळी ही, पोरीला मातीत हात घालू देत नाही. दोघं रस्त्याच्या वळणापलीकडे दिसेनाशी झाल्याबरोबर त्यांनी स्टूल घेऊन कडी काढली होती.

दोघं परत आली तेव्हा बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘कपाटात डांबरगोळ्या ठेवतेस का गं?’ सून म्हणाली, ‘नाही हो. मला नाही सहन होत तो वास.’ एवढं म्हणून ती थांबली. तिने बाईंकडे पाहिलं, मग मुंगीच्या नखांकडे पाहिलं, आणि पोरीला काखेत मारून न्हाणीघरात शिरली. नळ खूप वेळ चालू होता. एवढे इवलेसे हात धुवायला इतका वेळ लागत नाही. बाईंचा मुलगा खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडवत होता. ती सुटली तरी त्याने मान वर केली नाही. तेव्हाच बाईंना कळायला हवं होतं. पण आपलं हसं होणार अशी धास्ती पोटात असली की माणसाला दुसऱ्याचा चेहरा वाचता येत नाही.

आपल्या खोलीवर परतताना बसमध्ये खिडकीशी बसून बाई स्वतःची समजूत घालत राहिल्या. वास म्हणजे काही पुरावा नव्हे. आपल्याच पर्सचा असेल. पोरीने पर्स उघडली असेल. उघडतेच ती, गोड काही सापडतं का म्हणून, उगाच नाही तिला मुंगी म्हणत. पण पर्समध्ये बोटं घालून बोटांना चिकट, काळसर तेलकटपणा येत नाही, आणि तो आला होता. चमच्यालाही होता, बाईंनी तो दोनदा घासला होता. आणि त्यातही वास येणारी ती बिचारी डांबरगोळी म्हणजे गरीब गाय. हवेत उडून जाते, जिवाणू खाऊन टाकतात. डांबरातले खरे डाकू निराळेच. ते बिनवासाचे, कर्करोग करणारे, मातीला धरून वर्षानुवर्षं बसून राहतात, आणि त्यांच्याबद्दल लिहिलेलं बाईंनी आयुष्यभर वाचलं होतं, टिपणं काढली होती, नव्या मुलींना समजावून सांगितलं होतं. गाय जिथे अजून बांधलेली आहे तिथे डाकू कुठे जाणार? बाई उतरायचा थांबा चुकल्या आणि पुढच्या थांब्यावरून चालत आल्या.

सतरा नंबर हा जिवाणू त्याच कारखान्याच्या मागच्या मातीतून आला होता. सव्वीस वर्षांपूर्वी बाईंनी स्वतः गुडघ्यावर बसून चाळीस बरण्या माती भरली होती आणि सतराव्या बरणीत तो सापडला. पुढे त्याला प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, साहेबांच्या, आडनावाचं भारदस्त नाव मिळालं, ते लेखांत छापून आलं, पण प्रयोगशाळेत तो सतराच राहिला. दिसायला त्याच्यात काही नव्हतं. नुसत्या क्षारांच्या आगरवर, म्हणजे बशीत थिजवलेल्या जेलीवर, झाकणात डांबरगोळीचे चार खडे ठेवून, बशी उपडी करून ठेवली की त्या वाफेवर तो जगायचा. दुसरं खायला काही नाही. पाच दिवसांनी टाचणीच्या डोक्याएवढ्या वसाहती उठायच्या. मग आणखी एका रसायनाची चिमूट ठेवली की त्या निळ्या व्हायच्या, खऱ्या निळीसारख्या निळ्या. निळी म्हणजे डांबर फोडणारं जनुक शाबूत आहे, काम करतं आहे. हे जनुक जिवाणूच्या मुख्य वारशात नसतं. त्याचं एक सुटं कडं असतं, प्लास्मिड. जिवाणूची दोन शकलं होताना त्या कड्याचीही नक्कल करावी लागते, आणि ते ओझंच असतं. उपासमारीत ओझं वाहणारा जगतो, कारण डांबर खाता येतं ते त्यालाच. पण आयतं, पौष्टिक खाणं समोर ठेवलं तर कडं टाकून दिलेला जिवाणू हलका होतो, भराभर वाढतो आणि कडंवाल्यांना मागे टाकतो. दिसायला तोच, सूक्ष्मदर्शकाखाली तोच, नाव तेच. फक्त ज्यासाठी त्याला नाव मिळालं ते त्याला येत नसतं. म्हणून बाईंनी शीतकपाटाच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: सतराचे लाड करू नयेत. नव्या मुली हसायच्या. साहेब तर प्रत्येक भाषणात ते वाक्य वापरायचे, तरुण पिढीवर घसरायचे, सुखात वाढलेली मुलं आणि सुखात वाढलेले जिवाणू, आणि टाळ्या घ्यायचे. बाईंना त्या टाळ्यांची शिसारी होती. जिवाणूंवरून माणसांना धडे द्यायचे म्हणजे दोघांचाही अपमान. आणि स्वतः साहेबांनी कोणती उपासमार काढली होती?

सोमवारी बाई सगळ्यांच्या आधी पोचल्या. त्यांचाच एक दंडक होता: जिवाणूंची जी म्हणून खेप प्रयोगशाळेबाहेर जाईल तिच्यातली एक कुपी साक्षीला म्हणून फ्रीझरमध्ये ठेवायची. सहा वर्षांपूर्वी सतराची चाळीस पिंपं त्या जमिनीवर ओतायला गेली, त्या खेपेची साक्षीची कुपी तिसऱ्या कप्प्यात होती. सहा वर्षांत फ्रीझर दोनदा बिघडला, दोनदा बाईंनी त्यातली एकूण एक कुपी बर्फात हलवून पुन्हा जागच्या जागी लावली, आणि दोन्ही वेळा ही कुपी हाताळताना त्या दुसरीकडे बघत होत्या. विसरल्या नव्हत्या. माणूस काहीही विसरत नाही. फक्त कुठल्या कप्प्याकडे बघायचं नाही ते त्याला पाठ असतं. आता त्यांनी ती काढली, आणि शेजारची सव्वीस वर्षांपूर्वीची मूळ कुपीही काढली. दोन्हींतला सुईच्या टोकावर येईल इतका बर्फ खरवडला, पातळ केला, दोन बशांवर पसरला, झाकणात खडे ठेवले. एरवी पाच दिवस लागतात. या वेळी क्षारांत किंचित अन्न घातलं, म्हणजे कडं असलेले आणि नसलेले दोघेही उगवतील आणि कोण किती ते दिसेल. शुक्रवारपर्यंत थांबायचं होतं. आणि थांबायला लागलं की त्या सहा वर्षांपूर्वीच्या आठवड्यात जाऊन पोचत होत्या. आजवर त्या तिथे जायचं टाळत आल्या होत्या.

त्या आठवड्यात नवरा इस्पितळात होता. तो मुद्रितशोधक. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधून समासात खुणा करत बसला, आणि घरीही औषधाच्या बाटलीवरचा कागद हातात आला तरी त्यातली चूक दाखवल्याशिवाय औषध घ्यायचा नाही. ‘तू शेजारी आलीस की मला कपाटात निजल्यासारखं वाटतं,’ तो म्हणायचा. इस्पितळात त्याचा आवाज गेला होता, ओठ तेवढे हलायचे. इकडे जमीन साफ करण्याच्या कामाचा मुहूर्त साहेबांनी गुरुवारचा धरला होता. कुणी मोठा पाहुणा येणार, फलक लागणार, आणि फलकावर, साहेब म्हणाले होते, बाई, तुमचंही नाव असेल. खड्यांवर वाढवायचं तर चाळीस पिंपांना तीन आठवडे लागतात, आणि बाईंनी ते तीन आठवडे वॉर्डाच्या बाकावर घालवले होते. रविवारी त्या प्रयोगशाळेत आल्या तेव्हा बाटल्यांच्या तळाशी जेमतेम गढूळपणा होता. साहेबांना सांगता आलं असतं. साहेब रागावले असते, आठ दिवसांनी निवळले असते. त्याऐवजी बाईंनी कपाटातून पौष्टिक रसाची बरणी काढली. एकदाच, त्या म्हणाल्या, मोठ्याने म्हणाल्या, जसं काही सतराला ऐकू जाणार होतं. एकदाच लाड. सकाळपर्यंत बाटल्या दुधासारख्या दाट झाल्या. त्यातून मोठ्या बाटल्या, त्यातून टाक्या, त्यातून पिंपं, सगळी त्याच रसावर. दर खेपेला तपासणीची बशी लावायची असते; त्यांनी शेवटी एकच लावली. ती निळी व्हायला शनिवार उजाडला असता, आणि पिंपं गुरुवारी निघाली. नोंदवहीत ‘वसाहतींचा रंग’ असा रकाना होता. बाईंनी बुधवारीच तिथे लिहिलं: निळा. वीस वर्षं निळाच लिहीत आल्या होत्या, हात आपोआप चालला. नाही, आपोआप नाही. लिहिताना त्या क्षणभर थांबल्या होत्या, आणि खिडकीबाहेर कुणी पिंपं लादताना शिव्या देत होतं तेही त्यांना आठवत होतं. संध्याकाळी इस्पितळात नवऱ्याने ओठ हलवून विचारलं, निळं झालं? बाई म्हणाल्या, झालं. त्याने डोळे मिटले, बरं वाटल्यासारखे. त्याच्या नजरेतून कधी चूक सुटली नव्हती. ही एक सुटली, आणि शुक्रवारी तो गेला. शनिवारी बशी बघायला बाई नव्हत्या. सुतक संपवून आल्या तेव्हा कुणीतरी ती वाफेच्या भांड्यात घालून धुऊनही टाकली होती, आणि बाईंनी, खरं सांगायचं तर, सुटकेचा श्वास सोडला होता. फलकावर त्यांचं नाव होतं. खालून दुसरं.

हे सगळं नवऱ्याच्या उशाशी राहता यावं म्हणून केलं, असं त्या मनाशी म्हणत आल्या होत्या. पण बाकावरच्या त्या दिवसांत तरी त्यांनी काय केलं? तो झोपलेला होता आणि त्या व्हरांड्यात उभ्या राहून मुहूर्ताला कोणतं नेसावं याचा विचार करत होत्या. हे आठवलं की त्यांना स्वतःला चिमटा काढावासा वाटे.

शुक्रवारी दोन्ही बशा उघडल्या. जुन्या कुपीची बशी निळ्या ठिपक्यांनी भरलेली होती. साक्षीच्या कुपीच्या बशीवर दोनशे अकरा पांढऱ्या वसाहती होत्या, गुबगुबीत, तकतकीत, खाल्ल्या घरच्या. निळ्या तीन. बाईंनी भिंग घेऊन पुन्हा मोजल्या; तीनच. त्या तीन निळ्यांकडे बघून त्यांना रडू आलं. पांढऱ्यांचं त्यांना काही वाटलं नाही, ते अपेक्षितच होतं. पण त्या गर्दीत, कुणी विचारत नसताना, आयतं खाणं समोर असताना, आपलं ओझं वाहत राहिलेल्या त्या तिघांना काय म्हणावं? मूर्ख म्हणावं. बाईंनी नाक पुसलं आणि पहिल्यांदा साहेबांना फोन लावला. साहेब निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण आवाज अजून भाषण करायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘नोंदवहीत काय आहे?’ त्यांनी विचारलं. ‘निळा.’ ‘मग झालं तर.’ ‘साहेब, माती साफ झालेली नाही.’ ‘बाई, नंतरचे नमुने साफ आले की नाही?’ ‘तेच मला कळत नाही. कसे आले?’ साहेब जरासे हसले. ‘अहो, वरची वीतभर माती बाहेरून आणून टाकली होती. नमुने तिचेच. तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही कधी काही विचारलं नाहीत. समजूतदार बाई, असं मी सगळ्यांना सांगायचो.’ बाईंनी फोन ठेवला. सहा वर्षं त्या एकट्याच आपलं पाप पोटात घालून फिरत होत्या असं नव्हतं तर. बरोबर मंडळी होती, आणि ती चांगली खाऊनपिऊन झोपत होती.

मुलगा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून शनिवारी बाई तिथे गेल्या. आतल्या अंधाऱ्या खोलीत एकच खुर्ची, तपासायला आलेल्या माणसाची; तिच्यात त्या बसल्या. समोर भिंतीवर लहान लहान होत जाणारी अक्षरं उजळलेली होती. मुलगा भिंगं पुसत उभा होता, आणि आता त्याने त्यांच्या हनुवटीला हात लावून ‘समोर बघा’ म्हटलं असतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. त्यांनी एका दमात सांगून टाकलं. तुमच्या मागच्या मातीत अजून डांबर आहे. चूक माझी आहे. मी तपासलं नव्हतं आणि तपासलं म्हणून लिहिलं.

‘माहीत आहे,’ मुलगा म्हणाला.

‘काय माहीत आहे?’

‘तू काय लिहिलंस ते नाही. पण माती माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यापासून न्हाणीघराच्या जाळीतून वास येतो, आई. लहानपणापासून तुझ्या कुशीत तो वास घेतोय मी. मला नाही कळणार?’

‘मग बोलला का नाहीस?’

‘काय बोलू?’ त्याने भिंग उजेडाकडे धरलं. ‘ताबा मिळाला त्या दिवशी तू सगळ्या मजल्यांवर फिरलीस. घरोघरी जाऊन सांगत होतीस, निर्धास्त राहा, माझे जिवाणू खाली काम करून गेलेत. बाबा गेल्यापासून तुला इतकी खूश पाहिली नव्हती. म्हटलं, राहू दे. मग हिने वर कडी बसवून घेतली. डास म्हणून सांगितलं तुला.’

बाईंना वाटलं होतं, तो ओरडेल. ओरडला असता तर त्यांनी मान खाली घालून ऐकलं असतं. त्याने सांभाळून घेतलं होतं. आईला फुलासारखं जपलं होतं, आणि आईने स्टूल घेऊन कडी काढली होती. ‘तुम्ही माझ्याकडे या,’ त्या म्हणाल्या. ‘आजच या.’ ‘तुझी खोली संस्थेची,’ मुलगा म्हणाला. ‘दोन वर्षांनी निवृत्त झालीस की तुलाच बाहेर पडायचंय. हे घर गेल्याशिवाय आम्हाला दुसरं घेता येत नाही, आणि आता कुठे एक गिऱ्हाईक जुळतंय. मागच्या रविवारी त्यासाठीच गेलो होतो. उद्या ती दुसऱ्यांदा बघायला येतेय. शिवणकाम करते. बरी आहे बिचारी.’

‘तिला सांगणार नाहीस?’

‘सांगितलं तर घेईल? आणि एकदा बाहेर फुटलं की या इमारतीला कुत्रं विचारणार नाही. मग आम्ही तिथेच. मुंगी तिथेच.’ त्याने भिंग खाली ठेवलं आणि आईकडे, आल्यापासून पहिल्यांदा, नीट पाहिलं. ‘तूच सांग, आई. कुणाला ठेवू त्या घरात?’

भिंतीवरची खालची ओळ बाईंना दिसत नव्हती, आणि तीसुद्धा वाचायला कुणी सांगितलं नाही. मुलगा म्हणाला, ‘उद्या येऊ नकोस. आलीस तर गप्प बस. एवढंच मागतो.’

रविवारी बाई गेल्या. गप्प बसायला त्या जात नव्हत्या. सकाळी आंघोळ करताना, केस विंचरताना, बसची वाट बघताना त्यांनी वाक्य तयार केलं होतं, लहान, सरळ, प्रयोगाच्या निष्कर्षासारखं: या मातीत डांबर आहे, आणि ते मी राहू दिलं. इतकंच. पुढचं ज्याचं तो बघेल. सहा वर्षांनी का होईना, रकान्यात खरा रंग भरायचा. त्यांना एक प्रकारचा उत्साहही वाटत होता, आणि त्या उत्साहाचीच त्यांना नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली. कारण बसमध्ये त्या स्वतःच्या खरेपणावर जीव जडवून बसल्या होत्या, आणि त्यात मुंगी कुठेच नव्हती.

शिवणकामवाली आधीच आलेली होती. तिशीची असेल, गळ्यातला टेप काढायची विसरून तशीच आलेली, आणि सातवा महिना उलटलेलं पोट दोन्ही हातांनी खालून धरून खोल्या बघत होती. नवरा बोटीवर, चार महिन्यांनी येणार. मशीन या खिडकीशी ठेवीन, उजेड डावीकडून येतो, ती सांगत होती, पाळणा तिकडे. सून हसून हो हो म्हणत होती आणि तिचं हसू ओठांच्या पुढे जात नव्हतं. मग शिवणकामवाली अंगणात उतरायच्या पायरीशी थांबली आणि वळली. ‘काकू, तुम्हीच ना त्या? वरच्या मजल्यावरच्या आजी सांगत होत्या, ही सगळी जमीन यांच्या आईंनी साफ केली म्हणून. मला लोक काय काय सांगून घाबरवतात हो, कारखाना होता, अमुक होतं. मी म्हटलं, मी त्यांनाच विचारते. खरं सांगा काकू, माती चांगली आहे ना?’

बाईंनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. पलीकडे खिडकीत मुंगी बसली होती, सून तिची वेणी घालत होती, आणि सुनेचा कंगवा केसांत अर्ध्यावर थांबला. मुलगा भिंतीला टेकून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मुंगीने तेवढ्यात शिंक दिली, साधी, नाकात केस गेल्यावर येते तशी, आणि तिच्या खांद्यावर सुनेचा हात पडला.

‘चांगली आहे,’ बाई म्हणाल्या.

आणि एवढ्यावर थांबल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पण त्या पुढे बोलत गेल्या, छान बोलत गेल्या, अठ्ठावीस वर्षांचा सराव होता. जिवाणू म्हणजे काय, ते डांबर कसं खातात, त्याचं पाणी आणि हवा कशी होते, चाळीस पिंपं, तपासणी, नोंदी. शिवणकामवाली डोळे मोठे करून ऐकत होती. ‘बघा,’ ती म्हणाली, ‘असं कुणी नीट सांगतच नाही. मला वाटायचं औषधच मारलं असेल.’ तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि माणसाचा विश्वास बसताना इतका जवळून बाईंनी कधी पाहिला नव्हता. ‘बाई गं, पाय बघा कसे सुजलेत,’ ती म्हणाली. ‘डॉक्टरीणबाई म्हणतात, रोज अनवाणी चालत जा मातीवर. आता मातीवर कुठे चालायचं? इथे चालेन मी. रोज सकाळी चालेन.’ पायरीचा कठडा धरून तिने एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि ती खाली उतरली. चार पावलं गेली, हुश्श म्हणाली, मग मागे वळून तिने हात पुढे केला. ‘या ना काकू, तोल जाईलसा वाटतो, जरा धरता का?’

बाईंनी चपला काढल्या. शिवणकामवालीने त्यांच्या दंडाला विळखा घातला, आपलं सगळं ओझं त्यांच्यावर टाकलं, आणि दोघी हळूहळू कुंपणापर्यंत गेल्या, तिथून वळल्या, पुन्हा गेल्या. माती उन्हाने तापलेली आणि मऊ होती. ‘किती दिवस राहिले?’ बाईंनी विचारलं. ‘दोन महिने,’ ती म्हणाली. ‘या महिन्याअखेर इथे राहायला येईन, बाळंत इथेच व्हायचं म्हणते.’ बाई म्हणाल्या, ‘जपून चाल.’